सासूबाई, मी आणि टॉवर नसलेलं बेट

त्या वर्षी होळीच्या आधी सासूबाईंचा उजवा अंगठा आणि माझी मान एकाच आठवड्यात कामातून गेली. अकोल्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडं आम्ही दोघी जोडीनंच गेलो. डॉक्टरांनी सासूबाईंचा अंगठा दाबला, त्या "माय वं!" करून ओरडल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "आजी, या अंगठ्यानं काम काय करता तुम्ही?"

"काहीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरी सून आहे."

तेवढ्यात त्यांच्या पर्समधून टिंग वाजलं. मग परत टिंग. मग टिंगटिंगटिंग, जसं काही आत कोणी थाळीवर फुटाणे टाकत होतं. डॉक्टर पर्सकडं पाहत राहिले. मग माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही?"

"मी साड्या विकते."

"गठ्ठा मानेवर घेऊन?"

"नाही हो, फोनवर विकते."

डॉक्टर खुर्चीतून उठले. सासूबाईंच्या अंगठ्याला पट्टी बांधली, माझ्या मानेत तो पांढरा पट्टा अडकवला आणि म्हणाले, "गोळ्या देतो. पण खरं औषध म्हणजे आठ दिवस फोन बंद." दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच सासूबाईंनी डाव्या अंगठ्यानं सुरू केलं.

सासरे गेले तेव्हा माझ्या नणंदेनं सासूबाईंना हा फोन घेऊन दिला होता, आईचं मन रमावं म्हणून. मन असं रमलं की विचारू नका. भजनी मंडळाचा ग्रुप, माहेरच्या भावकीचा ग्रुप, गल्लीतल्या बायांचा ग्रुप. सगळ्यांवर पहाटे सगळ्यांच्या आधी फुलांचं चित्र आणि 'शुभ सकाळ' टाकायचा मान सासूबाईंचा. एखाद्या दिवशी दुसऱ्या कोणी आधी टाकलं तर त्यांचा चहा कडू व्हायचा. माझंही काही निराळं नव्हतं. 'ताई, हाच रंग दुसऱ्या काठात आहे का?' याचं उत्तर मी भाजी ढवळताना दिलंय, जिन्यावर दिलंय, लग्नाच्या पंगतीत वरणभातावर तूप पडत असताना दिलंय. घरात सासूबाई पुढच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. त्या तिथून कपाचं चित्र पाठवायच्या, मी इकडून अंगठ्याचं पाठवायचे आणि चहा ठेवायचे. आमचं भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं.

दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे, तुरीची डाळ घेऊन आले. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. मी पाणी दिलं, चहा दिला आणि समोर बसले. एका बाजूला अंगठा बांधलेल्या सासूबाई, दुसऱ्या बाजूला मानेत पट्टा घातलेली मी, मधे मामाजी. चहा संपवून त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, मी जिता हाये न? का फोटोले हार घालून ठेवलं मले?"

सासूबाईंनी मान वर केली. "काहून रे भाऊ, काय झालं?"

"मी मघापासून बोलून राह्यलो. तुमी दोघी हाव हाव करून राह्यल्या. मी म्हनलं का माह्या वावरात हत्ती शिरला, तरी तुमी हावच म्हनलं."

दारात उभं राहून ऐकणाऱ्या यांना, म्हणजे सासूबाईंच्या मुलाला, आमच्या घरच्यांना, एवढं हसू आलं की ते उठून बाहेर गेले. आत आले ते ठरवूनच. "मामाजी, या दोघींना घेऊन जा. डॉक्टरांनीच सांगितलंय."

मामाजींचं ते बेट मी तोवर नुसतं ऐकून होते. अमरावतीच्या पुढं मोर्शीकडं जाताना मोठं धरण लागतं. सासूबाईंचं माहेर त्या धरणात गेलं. त्या लग्न होऊन अकोल्याला आल्यावर बऱ्याच वर्षांनी गाव उठलं, भावकी वर नव्या गावठाणात गेली. पण गावाशेजारची टेकडी बुडली नाही. चारी बाजूंनी पाणी, मधे ती टेकडी. दरवर्षी पाणी जसंजसं उतरतं तसा तिच्या कडेला काळा गाळ उघडा पडतो, आणि मामाजी त्या गाळात हरभरा, गहू आणि डांगरं लावतात. डांगरं म्हणजे खरबुजं. डांगरं लागली की ते आणि मामी तिथंच खोपी घालून राहतात. सासूबाई नव्या गावी वर्षातून एकदा जायच्या, टेकडीवर मात्र कधी गेल्या नव्हत्या. पाण्याकडं पाहायलाही त्यांना नको वाटायचं.

"तिथं टॉवर येते काय?" सासूबाईंनी विचारलं.

"टॉवर?" मामाजी म्हणाले. "तिथं कावळा येते, तोही दुपारी वापस जाते."

"मंग सकाळची फुलं कोण टाकन?"

"बाई, जगात लोक उठतेत आपल्या आपल्यानं."

दोन दिवस सासूबाई रुसल्यासारख्या होत्या. मी मात्र दुकानाच्या पानावर 'आठ दिवस बंद' असं लिहून टाकलं आणि लिहिल्यावर असं वाटलं, जसं काही शाळा बुडवून निघाले होते.

अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून दुसरी बस, मग खचाखच भरलेली जीप, आणि शेवटी पाण्याच्या काठाला लावलेला मामाजींचा लाकडी डोंगा. मी त्याआधी कधी डोंग्यात बसले नव्हते. पाय ठेवला की तो हलायचा, मी किंचाळायचे, मामाजी म्हणायचे, "बस न वं बाई, तो तुले पाहून लाजून राह्यला." सासूबाई मात्र साडी आवरून अशा बसल्या जशा रोज त्यातूनच भाजी आणायला जात होत्या. फक्त एक हात वर होता आणि त्या हातात फोन होता.

"दोन दांड्या हायेत," त्या म्हणाल्या.

मामाजी वल्हं मारत होते. पाणी निळंही नव्हतं, काळंही नव्हतं, सातूच्या पिठासारखं काहीतरी होतं आणि त्यावर ऊन नाचत होतं.

"एक दांडी हाये."

वल्ह्याचा आवाज. एक बगळा.

"गेली," सासूबाई म्हणाल्या, इतक्या दुःखानं की मामाजींनी वल्हं थांबवून विचारलं, "कोण गेली?"

मला काय झालं कोणास ठाऊक. मी हसायला लागले. मानेत पट्टा असल्यामुळं मान हलवता येईना, म्हणून मी सगळीच्या सगळी हलत होते आणि डोंगाही हलत होता. आधी सासूबाईंनी डोळे वटारले. मग त्यांच्याही गालाला खळी पडली. सोळा-सतरा वर्षं मी त्या घरात होते आणि सासूबाईंना खळी पडते हे मला माहीत नव्हतं.

टेकडीवर मामी उभ्या होत्या, कंबरेवर हात ठेवून. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, बोलायला एकदम सडेतोड. माझ्या मानेकडं पाहून म्हणाल्या, "हे काय, बैलाले जू घातल्यावानी?" आणि पुढं होऊन त्यांनी तो पट्टा सोडवलाच. "दुखलं त सांगजो."

पहिला दिवस कठीण गेला. खोटं कशाला सांगू. फोन मी पिशवीत तळाशी ठेवला होता, तरी कंबरेला सारखं थरथरल्यासारखं व्हायचं. हात जायचा, तिथं काही नसायचं. एकदा मात्र खरंच थरथरलं. मी "आला, आला!" म्हणत उठले आणि पदराच्या आड अडकलेला भुंगा भुर्रकन उडून गेला. मामी हरभरा पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "कोनाचा होता फोन?" त्यानंतर तासभर कोणी कोणाकडं पाहिलं की हसू फुटायचं.

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. त्यांना मामींनी हरभऱ्यातले खडे वेचायला बसवलं. त्या एकेक दाणा अंगठ्यानं वर सरकवत होत्या. सर्र, सर्र, सर्र. मी पाहिलं, मामींनी पाहिलं, मग त्यांनी स्वतःच आपल्या अंगठ्याकडं पाहिलं आणि पटकन हात पदराखाली घेतला.

"आई, किती वाजले असतील?" मी विचारलं.

"मले काय माईत? मामीले विचार."

मामी म्हणाल्या, "भूक लागली काय?"

"लागली."

"मंग वाजले."

चुलीवर ज्वारीची भाकर, गाळातल्या वांग्यांची भाजी, मिरचीचा ठेचा. गव्हाच्या हिरव्या ओंब्या विस्तवावर धरून मामाजी हातावर चोळायचे आणि फुंकर मारून गरम दाणे आमच्या ओंजळीत टाकायचे. मी किती खाल्लं याचा काही हिशेब राहिला नाही. दुपारी डांगर फोडलं तर त्याचा वास आधी आला आणि फोड मागून. हात धुवायला पाण्याशी गेले तर पायाशी इवले मासे आले आणि बोटांना टोचायला लागले. मी तिथंच उभी राहून एकटीच खिदळत होते. कोणाला दाखवावं म्हणून हात परत कंबरेकडं गेला, आणि मग मी सरळ ओरडले, "आई, इकडं या, मासे पाहा!" सासूबाई आल्या. आम्ही दोघी गुडघ्याएवढ्या पाण्यात माशांना पाय चाटवत कितीतरी वेळ उभ्या राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सासूबाईंना राहवलं नाही. मामाजींनी बोलता बोलता सांगून टाकलं होतं की टेकडीच्या माथ्यावर मोठा दगड आहे, त्यावर उभं राहिलं तर कधीमधी एक दांडी येते. झालं. चहा झाल्याबरोबर त्या निघाल्या. अकोल्यात आमच्या घराचा जिना चढताना ज्या मधल्या पायरीवर 'अरे देवा' म्हणून थांबतात, त्या बाई पळसाच्या झाडांमधून टेकडी चढल्या. मी मागून धापा टाकत.

दगडावर चढून त्यांनी हात वर केला. आणि खरंच, टिंग! मग टिंगटिंगटिंगटिंग. कालपासूनचं सगळं एकदम कोसळलं. सासूबाई उन्हाकडं पाठ करून बसल्या, पदराची सावली केली आणि वाचायला लागल्या. "भजनी मंडळात विचारून राह्यले, आज फुलं कावून नाई? पाय, पाय, माह्यावाचून..." त्या एवढ्या खुश होत्या. मी दगडाला टेकून पाण्याकडं पाहत होते. काठापासून थोडं दूर, पाण्यातून काहीतरी गोल, काळं वर आलेलं दिसत होतं, मधे एक वाळकं खोड.

"आई, ते काय आहे? डोंगा बुडालाय काय कोणाचा?"

सासूबाईंनी फोनवरून डोळे न काढता विचारलं, "कुठं?" मग पाहिलं.

त्या तशाच उठल्या. फोन दगडावरच राहिला, टिंगटिंग करत. त्या अगदी कडेपर्यंत गेल्या, डोळ्यांवर हात धरला आणि मग अशा ओरडल्या की खाली डांगरवाडीत मामाजी ताडकन उभे राहिले.

"भाऊ! अरे भाऊ! तो पार पाय! आपला पार!"

गावातल्या पिंपळाचा दगडी पार. पाणी जास्त उतरलं तर एखाद्या वर्षी त्याचा माथा उघडा पडतो, हे मामाजींना माहीत होतं. बहिणीला वाईट वाटेल म्हणून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ते खालूनच घाबरून विचारायला लागले, "बाई, रडून राह्यली काय तू?"

"रडते कायले? डोंगा काढ!"

आम्ही गेलो. मामी, मामाजी, सासूबाई, मी, चौघं. डोंगा पाराला लागला तसा सासूबाईंनी हात लांब करून दगडाला धरलं आणि आमच्या कोणाच्या मदतीशिवाय उतरल्या. पाराच्या दगडी कडा वर होत्या, मधे घोट्याएवढं पाणी होतं. त्या त्यावरून गोल फिरल्या, खोडाला हात लावला, आणि मग भरभर बोलायला लागल्या. इकडं विहीर. इकडं त्यांच्या मैत्रिणीचं घर. तिकडून शाळेची वाट. आणि पाराच्या या बाजूनं उतार सरळ नदीत जायचा. पूर आला की पाणी पारापर्यंत यायचं, आणि गावातल्या साऱ्या पोरी पाठीला वाळका भोपळा बांधून पारावरून उड्या मारायच्या.

"तुम्ही पण?" मी विचारलं.

मामाजी हसले. "पन? अवं, सगळ्यात पहिले हेच मारे. आमी पोट्टे काठावर उभं राहून पाहो."

"तुम्हाला पोहता येतं?" माझा विश्वास बसेना. सासूबाई अकोल्यात नळाचं पाणी वाहत असलं तरी मला हाक मारतात.

सासूबाई माझ्याकडं पाहून हसल्या. पुन्हा ती खळी. मग त्यांनी कासोटा खोचला, पदर कंबरेला घट्ट गुंडाळला, कानातले काढून मामींच्या हातावर ठेवले.

"बाई," मामाजी एकदम गंभीर झाले. "वय काय, काय करून राह्यली. बाई, नोको. बाई!"

धबाक!

मी किंचाळले. मामाजींनी वल्हं टाकलं. पाण्यावर नुसती गोल गोल वर्तुळं. माझ्या डोळ्यांपुढं आमच्या घरच्यांचा चेहरा आला, मग नणंदेचा. मामी तेवढ्या शांत होत्या, मुठीत कानातले धरून. आणि मग चार हातांवर पाणी फुटलं आणि सासूबाईंचं डोकं वर आलं. केस सुटलेले, तोंड उघडं, डोळे चमकत होते. त्यांनी तोंडातलं पाणी कारंज्यासारखं उडवलं आणि म्हणाल्या, "ओ माय! लय थंड हाये वं!"

आणि त्या पोहायला लागल्या. कुठली पद्धत म्हणावी ते मला सांगता येणार नाही. बेडकासारखं थोडं, कुत्र्यासारखं थोडं, पण पाणी त्यांना वाट देत होतं. त्या पाराला एक फेरी मारून आल्या. मग उताण्या झाल्या, साडी फुग्यासारखी वर आली, आणि आभाळाकडं पाहत त्या नुसत्या हसायला लागल्या. मोठ्यानं. मी पारावर फतकल मारून बसले, पाण्यातच, आणि मीही. मामाजी मघाशी टाकलेल्या वल्ह्याच्या मागं डोंग्यातून हातानं पाणी कापत निघाले होते आणि बडबडत होते, "येडी झाली, पुरी येडी झाली," पण त्यांचेही डोळे ओले होते आणि तोंड हसत होतं.

फोन त्या दगडावरून संध्याकाळी मी आणला. तोवर त्याची बॅटरी संपली होती. सासूबाईंनी तो घेतला, पिशवीत टाकला आणि विचारलं, "उद्या तू शिकतं काय?"

मी पाण्याला भिते. लहानपणी विहिरीत डोकावले तरी चक्कर यायची. पण कालपासून काय अंगात शिरलं होतं कोणास ठाऊक, मी "हो" म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी मामींनी तेलाच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या कॅन माझ्या ओढणीनं माझ्या पाठीला बांधल्या. काठाशी, कंबरेएवढ्या पाण्यात, सासूबाईंनी एक हात माझ्या पोटाखाली धरला.

"पाय मार."

मी पाय मारले. पाणी मामींच्या तोंडावर गेलं.

"अवं, मागं मार, मामीले कायले मारतं?"

"आई, सोडू नका! आई, धरा! आई, धरलंय ना?"

"धरलं न वं. कवाचंच धरलं."

मी एवढी ओरडले की समोरच्या काठावरच्या म्हशी मान वर करून पाहायला लागल्या. नाकातोंडात पाणी, कॅन एकमेकींवर आपटून टणटण आवाज करतायत, आणि मी एका जागेवर गोल गोल फिरतेय. मग एकदा पायांना लय सापडली. मी पुढं गेले. खरंच गेले. मागं वळून "आई, पाहा!" म्हणायला पाहिलं तर सासूबाई कितीतरी मागं उभ्या, दोन्ही हात वर करून. त्यांनी मला कधीच सोडलं होतं. ते पाहिल्याबरोबर मी बुडाले. पण पाणी कंबरेएवढंच होतं, त्यामुळं उभी राहिले.

त्या दिवसांत आम्ही काय काय बोललो! सासूबाई मला गावातल्या गोष्टी सांगायच्या, मी त्यांना माझ्या कॉलेजातल्या. त्यांच्या लग्नाच्या वरातीत बैल उधळले ते, मला पाहायला आले तेव्हा मी कांदेपोह्यांत मीठ टाकायचं विसरले ते. "मले वाटलं तुमच्याकडं असेच खातेत," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून मी दोनदा घेतले." आम्ही दोघी चुलीपाशी हसून हसून आडव्या झालो.

परतायचं ठरलं त्याच दिवशी वारा सुटला. पाण्यावर लाटा उठल्या. मामाजी काठावर जाऊन आले आणि म्हणाले, "वारा पडल्याशिवाय डोंगा सुटत नाई." मी घरच्या काळजीनं सासूबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "देवाच्या मनात हाये त आपन काय करतो?" आणि लगेच साडी बदलायला गेल्या. वारा होता तरी टेकडीच्या आडोशाला पाणी शांत होतं.

वारा पडला त्या सकाळी समोरून एक डोंगा आला. एक मासेमार वल्हं मारत होता आणि मधोमध, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, आमचे घरचे बसले होते. चेहरा पांढरा. दोन दिवस आमची वाट पाहून, फोन लावून लावून, ते पहाटेच्या बसनं निघाले होते. डोंगा जवळ आला तेव्हा त्यांना काय दिसलं असेल याचा विचार करून मला अजून हसू येतं. पाण्यात त्यांच्या आईचं फक्त डोकं, आणि थोड्या अंतरावर बायकोचं डोकं आणि दोन कॅन.

"आई!" ते ओरडले. "अरे धरा, धरा तिला! आई!"

सासूबाईंनी पाण्यातूनच वळून पाहिलं. "अरे, आला काय? जेवून निघाला का तसाच?"

मासेमारानं वल्हं ठेवून दिलं आणि पोट धरलं. आमच्या घरच्यांना आधी राग यायला पाहिजे होता. ते रागवायला तोंड उघडून बसलेही होते. पण त्यांच्या आईनं तेवढ्यात उताणं होऊन पायानं पाणी उडवलं आणि ते सगळं त्यांच्या शर्टावर गेलं. मग त्यांचा राग गेला सगळा. खिशातून फोन काढला, म्हणाले, "ताईला दाखवतो, तिचा विश्वास बसणार नाही," आणि चित्रण करायला लागले. ते आमच्याकडं अजून आहे. त्यात थोडं आभाळ आहे, डोंग्याची एक कड आहे, आमच्या घरच्यांचा अंगठा आहे, आणि बाकी नुसता हसण्याचा आवाज. सासूबाई कुठंच नाहीत.

ते "लगेच निघायचं" म्हणून आले होते. मामींनी त्यांच्यासमोर डांगर फोडलं. दुपारी ते बाभळीखाली झोपले ते संध्याकाळी उठले, आणि उठल्यावर विचारलं, "उद्या निघालो तर चालेल का?" आम्ही परवा निघालो.

अकोल्याला आलो तेव्हा दोन्ही फोन चार्ज होऊन जिवंत झाले. माझ्या गिऱ्हाइकांनी दुसरीकडून साड्या घेतल्या असतील म्हणून मी घाबरत घाबरत उघडला, तर बहुतेकींनी विचारलं होतं, 'ताई, बऱ्या आहात ना?' सासूबाईंच्या ग्रुपवर तर त्या आजारी असल्याची बातमी पक्की झालेली होती, आणि कोणीतरी त्यांच्यासाठी नवसही बोललं होतं. त्यांनी लिहिलं काही नाही. फोन तोंडाशी धरला आणि सगळी हकीकत बोलून पाठवली. पारापासून उडीपर्यंत, मधल्या माझ्या किंचाळण्याची नक्कल करून.

त्यावर जो गोंधळ उडाला तो मी पुढच्या खोलीत त्यांच्याशेजारी बसून ऐकत होते. दोघींना पोहता येतं, तिघींना लहानपणी येत होतं, चौघींना शिकायचंय. भजनी मंडळात एवढ्या पोहणाऱ्या बाया निघतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. शेवटी शहरातल्या एका पोहण्याच्या तलावावर सकाळची बायांची वेळ त्यांनी ठरवली. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीनं पहिल्या दिवशी साठीच्या पुढच्या त्या घोळक्याकडं पाहिलं आणि अतिशय प्रेमानं सांगितलं, "आजी, तुम्ही सगळ्या उथळ बाजूला थांबा हं, पाण्याची भीती जाऊ द्या आधी."

"हाव बाई," सासूबाई म्हणाल्या, आणि सरळ खोल बाजूला चालू लागल्या.

आता मी दुकान दुपारपुरतं उघडते. सकाळी आम्ही दोघी तलावावर असतो. सासूबाईंची फुलं आताशा ग्रुपवर उशिरा पडतात, कधी कधी दुपारी, आणि त्याखाली 'शुभ सकाळ' तसंच असतं. अजून मला कॅनशिवाय लांब जाता येत नाही, पण तिथं कॅनऐवजी फळी देतात.

परवा पोहून निघालो तेव्हा अकोल्याचं ऊन सकाळीच डोक्यावर आलं होतं. रस्ता तापलेला, झाडाचं पान हलत नव्हतं. आम्ही दोघी ओल्या केसांनी, पाणी टिपकत, रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा पाहिलं, मग बाहेरच्या कोरड्या ठणठणीत आभाळाकडं पाहिलं, मग परत आरशात.

"काकू, पाऊस लागला काय तुमाले?"

"हाव न बाप्पा," सासूबाई पदर पिळत म्हणाल्या. "लय लागला."

आणि त्यांनी मला कोपर मारलं.